तीन नंबरच्या खोलीतलं मत

तीन नंबरच्या खोलीसमोर शून्य होतं, आणि तिने ते आधी डोळ्यांवर ढकललं. सकाळपासून पडद्यावर नुसते आकडे सरकत होते, एखादा निसटायचाच. तिने चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा लावला. शून्य जागचं हललं नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत आकड्यांच्या टेबलावर तिची सोळा वर्षं गेली होती. निकालानंतर दुसऱ्या दिवशी केंद्रवार तक्ते यायचे. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते तपासायचं, बेरजा जुळवायच्या आणि नकाशा काढणाऱ्याकडे सरकवायचं, एवढं तिचं काम. त्यात सगळ्यात आधी ती आपल्या गावाचं पान उघडायची, घोळक्याच्या फोटोत माणूस आधी स्वतःचं तोंड शोधतो तशी. गाव लहान. शाळेच्या पाच खोल्यांत पाच केंद्रं. तीन नंबरची खोली म्हणजे तिचा चौथीचा वर्ग, आणि त्याच खोलीत बाबांचं नाव. अडतीस वर्षं त्या गावात तो पक्ष म्हणजे बाबा होते. फलक लावणारे बाबा, सभेला सतरंजी अंथरणारे बाबा आणि सभेत बोलणारेही बाबाच. आणि आता त्या पक्षाच्या रकान्यात शून्य. म्हणजे गावाने दिलं नाही हे एक वेळ ठीक. पण शून्यात बाबाही येतात.

“काय गं, बेरीज चुकतेय?” शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याने विचारलं.

“नाही, जुळतेय,” ती म्हणाली. “तेच तर.”

तो हसला, त्याला ती थट्टा वाटली. ती मात्र पुन्हा पडद्याकडे वळली. बेरीज जुळली की तिच्या धंद्यात प्रश्न मिटतो. इथे बेरीज जुळल्यामुळेच प्रश्न उभा होता. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर मोजणारे खोटे, नाही तर बाबा. आणि या दोन्हींतून एक निवडायला सांगितल्यावर आपलं मन ज्या घाईने मोजणाऱ्यांकडे धावलं, ती घाई तिला आवडली नाही. दुपारी बाबांचा फोन आलाच. “पाहिलंस?” ते म्हणाले. “चोरी आहे ही. सरळ सरळ चोरी. आपली मतं उचलून दुसऱ्याच्या पारड्यात टाकलीत. रविवारी पक्षाचे सरचिटणीस स्वतः येतायत जिल्ह्याहून. तक्रार करायची. तुला आकड्यांतलं कळतं, तू ये, मसुदा नजरेखालून घाल.” ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, बाबा ‘आपली मतं’ म्हणाले होते. ‘माझं मत’ म्हणाले नव्हते. एवढ्याशा शब्दाला आपण चिमटीत धरून बसलोय याची तिला लाज वाटली, पण चिमटी काही सुटली नाही.

शनिवारच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. डोकं काचेला लावून ती गावाची मतं आठवत राहिली. लोकांना आपल्या गावाच्या वाटा आठवतात, झाडं आठवतात. तिला आकडे आठवत. पहिली आणि दुसरी खोली वरच्या आळीची. तिथे घरटी दोन-चार जनावरं, दूध डेअरीला जायचं, म्हणून मत डेअरीच्या चेअरमनला. चौथी खोली बाजारपेठेची. दुकानदार शेवटच्या दोन दिवसांपर्यंत सगळ्यांना हसून ‘तुम्हालाच’ म्हणायचे आणि मग जिकडे वारं तिकडे. पाचवी वीटभट्टीवाल्यांची, ते एकाच ट्रकमधून यायचे आणि त्यांचं मतही एकगठ्ठा पडायचं, कुठून ठरून येतं ते कोणी विचारत नसे. डेअरीच्या निवडणुकीत चेअरमनला निवडून देणारं हेच गाव मोठ्या निवडणुकीत बरोबर चेअरमनच्या विरोधकाला मत द्यायचं. दोन्हीकडे ओळख राहिलेली बरी, एवढंच त्यामागचं धोरण. आणि तिसरी खोली म्हणजे सरमिसळ. तिथे बाबांच्या पक्षाला एकदा एकेचाळीस मतं पडली होती, ती अकरावीत असताना. मग सव्वीस, मग सतरा, मागच्या वेळी अकरा. ते अकरा जण तिला चेहऱ्यानिशी पाठ होते. त्यांतले तिघं गेले. एक नर्सबाई बदलून गेली, आणि तिने स्वतः आपलं नाव शहरातल्या यादीत नेलं. उरले सहा. बाबा, आई, भाऊ, भावजय, बाबांचे मित्र फोटोकाका आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला. बेकरीवाल्याने या वेळी आधीच सांगून टाकलं होतं, अर्धा पॉइंट, राग मानू नका, मी तिकडे चाललो. तरी पाच राहतात. पाचातून शून्य कसं होतं?

अर्धा पॉइंट हे बाबांचं गावातलं नाव. डेअरीत दुधाची फॅट मोजायच्या कामावर त्यांची एकतीस वर्षं गेली. काचेच्या नळीत दूध, वर आम्ल, यंत्रात गरगर फिरवायचं आणि नळी डोळ्यांसमोर धरून रेघ वाचायची. ती रेघ त्यांनी कधी कोणासाठी वर ढकलली नाही. सासुरवाडीचं दूध आलं तरी अर्धा पॉइंट जास्त दिला नाही, म्हणून आईच्या माहेरचे दोन वर्षं घरी फिरकले नव्हते. गावाला याचं केवढं कौतुक. भांडण झालं की मिटवायला त्यांना बोलवायचे, लग्न ठरवताना त्यांना बसवायचे. मत मात्र द्यायचे नाहीत. माणूस सरळ आहे हो, म्हणायचे, पण मत वाया जातं.

घरात पाऊल टाकलं तेव्हाच तिला जाणवलं, सगळे जरा जास्तच बोलतायत. एरवी नुसतं ‘आलीस?’ म्हणणारा भाऊ बॅग उचलायला धावला. भावजय तिला हात-पाय धुऊ देईना, आधी चहा, आधी चहा. “ताई, प्रवासात गर्दी होती का? ताई, तुम्ही बारीक झालात.” भाऊ गेल्या वर्षी डेअरीत कारकून म्हणून लागला होता. कोणी लावला, कसा लागला, याबद्दल घरात कोणी तोंड उघडलं नव्हतं. बाबा निवृत्त झाले, एक जागा भरायची होती, एवढंच. आता तो समोर बसून पायाचा अंगठा जमिनीवर घासत होता. लहानपणी दौत सांडली की असाच घासायचा. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली आणि तिच्या नजरेचा रोख पाहून त्याने पाय मागे घेतला. “माझ्याकडे काय बघतेस?” तो एकदम म्हणाला. “मी कुठे काय म्हणाले?” “नाही, पण बघतेस.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “चेअरमननी बोलावून विचारलं होतं मला. काही दमदाटी नाही, काही नाही. नुसतं विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? आता सांग, याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने?” भावजय आतून म्हणाली, “आम्हाला दोन लेकरं आहेत, ताई.” एवढंच. दोन मतं तिथल्या तिथे हिशेबातून गेली आणि ती गेल्याचा तिला रागही आला नाही. तिला फक्त वाटलं, बाबांना हे माहीत आहे का? की बाबांना माहीत आहे हे यांना माहीत आहे, आणि चौघं एकाच ताटलीभोवती बसून रोज एकमेकांना वाढतायत?

आई मागच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शेजारी बसली, चादरीचं एक टोक धरलं. दोघींनी चादर ताणली, जवळ आल्या, दुमडली, पुन्हा लांब गेल्या. विचारायचं कसं, हे तिला उमगत नव्हतं. आईला कोणी कधी मताबद्दल विचारलंच नव्हतं. अकरांत तिला धरलेलं असायचं, गॅसवर ठेवलेलं दूध धरलेलं असतं तसं. “आई, तू दिलंस ना?” तिने शेवटी विचारलं. आईने चादर नीट बसवली, वरून हात फिरवला. “मी कधीच नाही दिलं,” ती म्हणाली.

“कधीच म्हणजे?”

“पहिल्या वेळेपासून. लग्नाला वर्ष झालं होतं. तुझे बाबा महिनाभर घरात नव्हते, प्रचार, प्रचार. मला दिवस गेलेले. मी गेले त्या खोलीत, पडद्यामागे उभी राहिले आणि मला वाटलं, इथे मी एकटी आहे. घरात, विहिरीवर, कुठेच मी एकटी नसायचे. तिथे होते. मग मी मला वाटेल तिथे शिक्का मारला. मग दर वेळी.” ती उशीच्या अभ्र्याकडे वळली. “यांना नको सांगूस. त्यांना वाटतं मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. वाटू दे.”

तिला हसू आलं. मग ते अकरा? आई कधीच नव्हती, तर अकरावा कोण होता? तिने पाठ केलेल्या चेहऱ्यांबाहेर कोणीतरी एक, शेजारचा असेल, पलीकडच्या गल्लीतला असेल, दर वेळी गुपचूप येऊन बाबांच्या पक्षाचं बटण दाबून जात होता, आणि बाबांना रस्त्यात भेटल्यावर ओळखही दाखवत नव्हता. या विचाराने तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिला शहारल्यासारखं झालं. ज्यांना आपण मोजलं ते नव्हते, जो होता तो मोजलाच नाही. सोळा वर्षं आपण बेरजा जुळवल्या म्हणजे नक्की काय केलं?

रविवारी सकाळी बाबा आरशासमोर दाढी करत होते. तिने तक्रारीचा मसुदा वाचून दाखवला. ते ‘हूं’ म्हणत होते, मध्येच एखादा शब्द बदलत होते. उमेदवाराचं नाव आलं तसं पातं गालावर थांबलं. हा उमेदवार म्हणजे चेअरमनचा भाचा. मामाने तिकीट नाकारलं म्हणून मतदानाच्या जेमतेम महिनाभर आधी बाबांच्या पक्षात आलेला, आणि पक्षाने त्याला हार घालून उभा केलेला. बाबांनी वरून आदेश आला म्हणून त्याच्यासाठी उन्हातान्हात दारोदार पत्रकं वाटली होती. “बाबा,” ती म्हणाली, “शपथेवर लिहायचं आहे हे. तुम्ही...” “मी काय?” आरशातून त्यांनी तिच्याकडे बघितलं. आरशातल्या माणसाच्या अर्ध्या तोंडावर फेस होता आणि उरलेलं अर्धं ओळखीचं वाटत नव्हतं. “तू मला विचारतेस?” ते म्हणाले. रागावून नव्हे. खरंच कोणीतरी विचारावं याची वाट बघत असल्यासारखे. आणि नेमकं तेव्हाच तिने माघार घेतली. “नाही, तसं नाही,” ती म्हणाली. बाबांनी मान खाली घातली आणि पातं धुतलं.

बैठक फोटोकाकांच्या स्टुडिओत होती. गावातल्या प्रत्येक ओळखपत्रावरचा चेहरा या खोलीत काढलेला. मागच्या भिंतीवर रंगवलेला बगिचा, कारंजं आणि कुठेही न जाणारा जिना. पुढे गोल स्टूल. फोटोकाका म्हणजे बाबांच्या बरोबर उलट. बोलले तर दहातलं नऊ फुगवलेलं. तरुणपणी आपण एका नटीचा फोटो काढला आणि तिने लग्नाचं विचारलं, ही गोष्ट ते चाळीस वर्षं सांगत होते आणि दर खेपेला नटी वेगळी असायची. मुलं त्यांना ‘काका, थाप सांगा’ म्हणूनच गाठायची. आज ते गप्प होते. इस्त्रीचा सदरा घातला होता, केस पाण्याने चापून बसवले होते, जणू त्यांचाच फोटो काढायचा होता. सरचिटणीस मोटारीतून उतरले, स्टुलावर बसले आणि टंकलेले कागद पसरले. गोड बोलणारा माणूस. “हे शून्य म्हणजे आपल्याला लागलेली लॉटरी आहे,” ते म्हणाले. “पाच मतं पडली असती तर कोणी विचारलं नसतं. पण ज्या माणसाने अडतीस वर्षं दिली, त्याचंच मत गायब! आणि माणूस कोण, तर यांच्यासारखा. यांच्या शब्दावर शंका घेईल असा कोण आहे गावात? आपल्या उमेदवाराचे मामासुद्धा घेणार नाहीत.”

फोटोकाकांनी न वाचता सही केली. ठळक, खाली दोन रेघा मारून. मग कागद बाबांकडे आला. बाबांनी तो डोळ्यांसमोर धरला. एक डोळा बारीक केला, कागद थोडा उंच नेला, आणि बराच वेळ वाचत राहिले. ती दाराशी उभी होती. तिला मनातून वाटत होतं, करा सही, कोणाचं काय जातंय. आणि त्याच वेळी वाटत होतं, केली तर मी तुमच्याकडे यापुढे बघायचं कसं.

“यात एक चूक आहे,” बाबा म्हणाले.

“कुठे? सांगा, दुरुस्त करू.”

“मी मत दिलेलं नाही.”

सरचिटणीस हसले. मग हसू तसंच तोंडावर ठेवून त्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हाताऱ्या माणसाच्या घरच्यांकडे बघतात तसं. बाबांचा आवाज मात्र ठाम होता. “या उमेदवाराचं दूध डेअरीत मी तीनदा परत पाठवलं होतं. पोरांच्या वाटचं दूध, अर्धं पाणी. तिसऱ्या वेळी तो माझ्या अंगावर धावून आला होता. आणि तुम्ही त्याला हार घातलात. पक्ष म्हणाला म्हणून मी त्याची पत्रकं वाटली, दिवसभर केंद्रात त्याचा माणूस म्हणून बसलो. पण पडद्यामागे गेलो आणि बोट उठेना. मी कोणालाच दिलं नाही. ‘यांपैकी कोणी नाही’ असं असतं ना खाली, ते दाबलं. मला वाटलं, माझं एक नाही पडलं तर काय होतंय, घरचे तीन आहेत, हा आहे.” त्यांनी फोटोकाकांकडे हात केला. “शून्य येईल असं वाटलं नव्हतं. आलं, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून चोरी चोरी ओरडलो. माझी चूक आहे.”

 तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं आणि डोळे भरून आले. ज्यांच्यावर संशय घेतला ते इतके स्वच्छ निघावेत याचा तिला आनंद होत होता. सरचिटणीसांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा कोणालाच आठवत नव्हतं की खोलीत आणखी एक जण आहे.

“पण मी दिलंय,” फोटोकाका म्हणाले.

“राहू द्या आता, काका.”

“राहू द्या काय? मी दिलंय. मग माझं कुठे गेलं?”

“अहो, एका मतासाठी कोण कोर्टात जातं?”

“माझ्याकडे एकच होतं,” फोटोकाका म्हणाले.

सरचिटणीसांचा चालक दाराबाहेर फिसकन हसला. बाबा उठले, मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. “अरे, बोलून टाक,” ते प्रेमाने म्हणाले. “मी बोललो, काय झालं? माझ्यासमोर कसली लाज? त्या माणसाला मत द्यावं असं होतंच काय त्याच्यात.” फोटोकाका बाबांकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. तिने नजर खाली वळवली, मुद्दाम नव्हे, आपोआप. त्यांनी सही केलेला कागद सरचिटणीसांच्या हातातून हलकेच काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मोटार गेली. बाबा घरी येऊन जेवले आणि लहान मुलासारखे गाढ झोपले. आईने पंख्याचा वेग वाढवला. भाऊ पहिल्यांदा खळखळून हसला. घर पुन्हा घर झालं.

संध्याकाळच्या बसला ती थांब्यावर आली तेव्हा फोटोकाका आधीच तिथे उभे होते. कुठे जायला नव्हे. हातात पिशवी नव्हती. “तुझं काम आकड्यांचं,” ते म्हणाले. “तू सांग. एक मत कुठे जातं?” तिने कचेरीत सवयीने देतात तसं उत्तर दिलं. कधी बटण पुरतं दाबलं जात नाही काका, कधी शेजारचं दाबलं जातं, वयामुळे दिसत नाही. “दिवा लागला होता,” ते म्हणाले. “आवाज झाला होता. मी आवाज थांबेपर्यंत उभा राहिलो होतो. मलाही तो भाचा आवडत नाही गं. बटण त्याच्या नावाचं दाबलं, पण मत त्याला दिलंच नाही. मी तुझ्या बाबाला दिलं. अडतीस वर्षं तो एकटा सतरंज्या अंथरतोय. निदान त्याच्या बाजूला मी आहे, एवढं त्याला दिसावं म्हणून दिलं. आणि तोच मला म्हणतो, बोलून टाक.”

“काका, मला पटतं,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. आयुष्यभर माणसांचे चेहरे बघितलेला माणूस. तिच्या चेहऱ्यावर त्यांनी वेगळंच वाचलं आणि मान हलवली. बस आली. ती चढली, जागा मिळाली, काच अर्धी उघडी होती. हात बाहेर काढून पुन्हा काहीतरी सांगावं असं तिला वाटलं. फोटोकाका पाठमोरे झाले होते आणि बाजारपेठेच्या बाजूने सावकाश चालले होते. दुकानदार त्यांना हाका मारत होते, काका, थाप सांगा. ते थांबत नव्हते.

गाव मागे पडलं. वाहकाने तिकीट दिलं, पंच केलं. तिला सरळ दिसत होतं की त्या माणसाचं बोलणं खरं असेल तर तो तक्ता खोटा आहे, आणि तक्ता खोटा असेल तर त्याच्या आधीचे किती, हे मोजायला आता कोणीच बसणार नाही. जो बसवू शकला असता तो बाबांचा शब्द बाबांनी आज सकाळी खरेपणाने काढून घेतला होता. बाबांबद्दल वाटणारा अभिमान अजून ऊबदार होता, तो तिला सोडवत नव्हता. आणि त्या उबेत बसून, डोळे मिटून, ती मनापासून एकच गोष्ट इच्छीत होती. तो म्हातारा खोटं बोलत असावा.